'तुला नाही कळणार' म्हणणारी मुलगी आणि आईच्या मनातला जुना प्रश्न

पत्र:

"माझी मुलगी १३ वर्षांची आहे, मुलगा ५ वर्षांचा. वर्षभरापूर्वीपर्यंत मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. आता खोलीचं दार लावून घेते. काही विचारलं की 'तुला नाही कळणार'. साध्या सांगण्यावरही शब्दाला शब्द. मैत्रिणींना काय वाटेल यावर तिचं सगळं ठरतं. गालावर एक पुटकुळी आली म्हणून एक दिवस शाळेत गेली नाही, आरशासमोर उभी राहून रडली. माझ्या जिवाला घोर लागला आणि तिच्या नकळत मी तिचा फोन उघडून वाचला. त्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. पण तिला ते कळलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. नवरा म्हणतो, तू तिला डोक्यावर चढवून ठेवलंस, आता कडक व्हायलाच हवं. ती आठ महिन्यांची असताना मी नोकरीवर परत गेले होते. पहिल्या तीन वर्षांत सगळं ठरतं असं सगळीकडे वाचते. तिथेच चुकलं का? धाकटा सतत मला चिकटून असतो, खेळताना एकटाच मोठ्याने बोलतो, प्रश्न विचारून भंडावून सोडतो. उद्या तोही असाच दूर जाईल का?"
– एक आई

ताई,

आधी त्या आठ महिन्यांच्या बाळाबद्दल बोलू. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या काळज्यांच्या खाली तोच प्रश्न दबून बसलेला मला दिसतो. नोकरीवर गेलात तिथे चुकलं का? नाही. तुमची समजूत काढायची म्हणून हे लिहीत नाही. या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे.

हा धसका आयांच्या मनात कुठून आला ते आधी सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. घराला पारखी झालेली, संस्थांमध्ये वाढणारी मुलं हा त्याचा विषय होता. बाळाला पोट भरण्याइतकीच एका जिव्हाळ्याच्या, कायम असणाऱ्या माणसाची गरज असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं. मोठं काम होतं ते. पण घराघरांत पोचेपर्यंत त्याचा अर्थ 'आईने बाळाला सोडून कुठे जाऊच नये' असा झाला. महिनोन्‌महिने कुणीच आपलं नसलेलं मूल आणि संध्याकाळी आई घरी येते हे ठाऊक असलेलं मूल, यांना एका मापाने मोजलं गेलं, आणि त्याची किंमत नोकरी करणाऱ्या आया आजपर्यंत मोजत आल्या आहेत.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत घरोघरी जाऊन आई आणि बाळांचं निरीक्षण केलं. पुढे त्यांनी एक प्रयोग तयार केला. वर्ष-दीड वर्षाचं मूल आणि आई एका अनोळखी खोलीत असतात. आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडलं यावर सगळं ठरत असेल असं वाटतं ना? संशोधकांचं मुख्य लक्ष असतं ते आई परतल्यावर मूल काय करतं याकडे: तिच्याकडे झेपावतं का, तिच्या कुशीत शांत होतं का, आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायला वळतं का. ज्याचं नातं सुरक्षित आहे ते मूल दुरावा सहन करतं आणि भेटीने सावरतं.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आहे. १९९१ पासून तिथे तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. आई कामावर जाते आणि मूल दुसऱ्या कुणाच्या सांभाळात राहतं, एवढ्याने नातं बिघडतं का, हे त्यात तपासलं. १९९७ मध्ये निष्कर्ष आला, की एवढ्याने बिघडत नाही. नातं ठरत होतं ते आई बाळाच्या खुणा किती ओळखते आणि त्यांना कशी साद देते यावर. आईचा प्रतिसाद तुटपुंजा, आणि त्यात भर म्हणून सांभाळही वाईट, नाममात्र तासांहून जास्त किंवा बदलता, असं दोन्ही जुळून आलं तरच धोका वाढत होता. शाळेतून आल्या आल्या जिला आईला सगळं सांगायचं असायचं, त्या मुलीला बाळपणी आईकडून साद मिळाली नसेल असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

आणि ही साद प्रत्येक वेळी बरोबर असावी लागत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांचं वागणं क्षणाक्षणाने तपासलं, तेव्हा चांगल्या जोड्यांमध्येही सूर कितीतरी वेळ चुकलेला दिसला. बाळ हसतं तेव्हा आईचं लक्ष नसतं, आई खेळवायला जाते तेव्हा बाळ कंटाळलेलं असतं. मग दोघं पुन्हा एकमेकांकडे वळतात. नातं या परत वळण्यातून घट्ट होतं. हे लक्षात असू द्या, फोनच्या प्रकरणात आपल्याला त्याचा उपयोग होणार आहे.

'तीन वर्षांत सगळं ठरतं' हे अर्धसत्य आहे. ती वर्षं अतिशय मोलाची असतात, यात वाद नाही. पण त्यानंतर दार बंद होत नाही. हवाईमधल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशी अनेक संकटं लहानपणीच ज्यांच्या वाट्याला आली होती, त्यांच्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं समर्थ, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. ते आईवडीलच होते असंही नाही, कधी आजी होती, कधी शिक्षक.

आता मुलीकडे येते. तुमच्या घरात सध्या दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी विचार करणारी मुलं राहतात. धाकट्यासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी ओता. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि विचारा, जास्त कशात? बहुधा तो उंच पेला दाखवेल. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी मुलांना असले प्रश्न विचारता विचारता बालविकासाचं सगळं शास्त्र बदलून टाकलं. पाच वर्षांच्या मुलाला जे दिसतं तेच खरं वाटतं. सातव्या वर्षाच्या आसपास 'पाणी तेच आहे, फक्त पेला बदलला' हे कळू लागतं. आणि अकराव्या-बाराव्या वर्षापासून मन समोर नसलेल्या गोष्टींवरही चालू लागतं. असं असतं तर? हाच नियम सगळ्यांना का नाही? पियाजे यांनी आखलेल्या पायऱ्या इतक्या काटेकोर नसतात, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. तेच मूल एका विषयात मोठ्या माणसासारखा विचार करतं आणि दुसऱ्यात लहान मुलासारखा. पण दिशा त्यांनी अचूक ओळखली होती.

ही नवी शक्ती घरात कशी दिसते? शब्दाला शब्द या रूपात. कालपर्यंत जिच्या लेखी 'आई म्हणते म्हणून' हे कारण पुरेसं होतं, तिला आज तुमच्या बोलण्यातली विसंगती दिसते. तुम्ही जेवताना स्वतः फोन बघता आणि तिला बघू देत नाही, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. उद्धटपणे बोलली तर तिला थांबवा, तो तुमचा हक्क आहे. 'आवाज चढवू नकोस, पण तुझा मुद्दा मला ऐकायचाय,' असं म्हणता येतं. मात्र तिचा मुद्दा बरोबर असेल तर मान्य करा. घरातलं मोठं माणूस युक्तिवादाने मत बदलतं, हे तिने एकदा जरी पाहिलं तरी पुढच्या वेळी ओरडण्याऐवजी युक्तिवाद शोधण्याकडे तिचा कल होईल.

वादांची आकडेवारी पाहून तुम्हाला जरा हायसं वाटेल. आईवडील आणि कुमारवयीन मुलांच्या भांडणांवरचे अनेक अभ्यास १९९८ मध्ये एकत्र करून तपासले गेले. वादांची संख्या या वयाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि पुढे कमी होत जाते. मधल्या काळात त्यांची धग मात्र वाढते. म्हणजे सोळाव्या वर्षी भांडणं कमी होतील, पण जी होतील ती जास्त लागतील. तिथवर पोचायच्या आत भांडायची रीत सुधारून घ्यायला ही दोन-तीन वर्षं फार चांगली आहेत.

पुटकुळीचं रडणं मला तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. दुसऱ्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करायला ती शिकली आहे. पण दुसऱ्यांच्या मनात आपण सोडून इतरही पुष्कळ काही असतं, हे अजून तिच्या अंगवळणी पडलेलं नाही. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटलं: सगळे आपल्याकडेच बघताहेत ही सततची जाणीव. त्याच्याच जोडीला दुसरी समजूत येते, की मला जे वाटतं ते आजवर कुणालाही वाटलेलं नाही. 'तुला नाही कळणार' हे वाक्य तिथून येतं, त्यात तुमचा पाणउतारा करायचा हेतू असेलच असं नाही. लीआ सॉमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ८ ते २३ वर्षांच्या मुलांना आणि तरुणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि सांगितलं, की तुमच्याच वयाचं कुणीतरी आत्ता तुम्हाला कॅमेऱ्यातून बघतंय. करायचं काहीच नव्हतं. नुसतं बघितलं जाण्याने येणारा संकोच कुमारवयात झपाट्याने वाढलेला दिसला, आणि शरीर व मेंदूही तसाच प्रतिसाद देत होते.

म्हणून 'कुणी बघत नाही गं तुझ्याकडे' हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय आता ते तितकंसं खरंही राहिलेलं नाही. एल्काइंड यांच्या काळातले प्रेक्षक बरेचसे मनातले होते. तुमच्या मुलीचे प्रेक्षक फोनमध्ये आहेत, तिच्या फोटोंवर खरोखर मतं देतात, आणि ती मतं पुसली जात नाहीत. तिला म्हणा, 'तुला आज सगळे त्याच्याकडेच बघतील असं वाटतंय ना? किती अवघड वाटत असेल.' मग गप्प राहा. रडू ओसरलं की शाळेत जायचं कसं, यावर दोघी मिळून विचार करा. जायचं हे ठरलेलं असू द्या. कसं जायचं ते तिला ठरवू द्या.

मैत्रिणींच्या मताला इतकं वजन का, याचं उत्तर थोडं मेंदूत आहे. १९९९ मध्ये जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षं काढलेली चित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा कळलं की मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास आकारमानाने सर्वांत मोठा होतो आणि मग कमी होत जातो. न वापरलेल्या जोडण्या गळतात, वापरातल्या पक्क्या होतात. बेत आखणं, स्वतःला आवरणं, परिणामांचा विचार करणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. आनंद, बक्षीस, कौतुक यांना दाद देणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात चालू होते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. मित्र शेजारी असताना कुमारवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतले त्यापेक्षा बरेच जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्या लोकांवर शेजारच्यांचा तसा परिणाम दिसला नाही.

मात्र 'तिचा मेंदूच कच्चा आहे' असं तिला कधी ऐकवू नका, मनातही धरू नका. शांतपणे, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोठ्यांच्या जवळपास पोचतात. अडतं ते भावना तापलेल्या असताना आणि चार जण बघत असताना. म्हणून अवघड विषय रात्री उशिरा, सकाळच्या घाईत किंवा तिच्या मैत्रिणींसमोर काढू नका. झोपेचंही सांगून टाकते: या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. गरज मात्र ८ ते १० तासांची असते. सकाळची चिडचिड पुष्कळदा केवळ अपुऱ्या झोपेची असते.

आता फोन. तिच्या नकळत तो वाचायला नको होता. तुमची काळजी खरी होती, हे मला कळतं. पण तुम्ही ज्यासाठी तो उघडलात ते त्या वाटेने हाती लागत नाही. स्वीडनमधले होकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करून २००० मध्ये एक साधा प्रश्न उपस्थित केला. ज्या आईवडिलांना मुलांबद्दल बरंच ठाऊक असतं, त्यांना ते कळतं कुठून? तोवर सगळे धरून चालले होते की लक्ष ठेवल्याने. प्रत्यक्षात बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली निघाली. नियम नकोत असा याचा अर्थ नाही. पण मुलगी सांगेल अशी जागा घरात आहे की नाही, हे तिच्या फोनमध्ये काय आहे यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. पुढच्या चार वर्षांत कधीतरी तिच्यावर खरोखर बाका प्रसंग येईल, कुणी त्रास देईल, कुणी फोटो मागेल. तेव्हा तिने तुमच्याकडे यावं यासाठी आजचं काम करायचं आहे.

तिची माफी मागा. थोडक्यात आणि स्वच्छ: 'मी तुला न विचारता तुझा फोन वाचला. ते चुकलं. मला काळजी वाटत होती तर मी तुलाच विचारायला हवं होतं. पुन्हा असं करणार नाही.' इथेच थांबा. 'पण तूही काही सांगत नाहीस ना' हे शेपूट जोडलंत की माफी संपते आणि आरोप सुरू होतो. ती लगेच विरघळेल अशी अपेक्षा धरू नका. खांदे उडवून निघून गेली तरी तिने ऐकलेलं असतं. ट्रॉनिक यांच्या बाळांसारखंच हे आहे. सूर चुकला, आता परत वळायचं.

मग काही दिवसांनी फोनचे नियम उघडपणे ठरवा. अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं, कपडे न घातलेले फोटो, धमक्या, जिवाला धोका असं काही आलं तर ते घरात सांगायचंच. त्याबद्दल शिक्षा होणार नाही, हेही त्याच वेळी सांगा. रात्री फोन खोलीबाहेर राहील. आणि असा एखादा धोका आहे असं ठोस कारण मिळालं तर तुम्ही फोन बघाल, पण तिला सांगून, तिच्यासमोर. मैत्रिणींशी चाललेल्या गप्पा तिच्या. हे शेवटचं वाक्य तोंडाने म्हणून दाखवा.

मुलं सांगायची का थांबतात, हे माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी पुष्कळ ऐकते. आईला सांगितलं की लगेच उपदेश येतो. आई घाबरते आणि मग तिलाच सांभाळावं लागतं. संध्याकाळपर्यंत ते मावशीला माहीत झालेलं असतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या भांडणात तोंडावर फेकली जाते. यातलं काही तुमच्याकडून होतं का, हे तुम्हालाच ठाऊक.

आता तुमच्या यजमानांसाठी. हा भाग त्यांना वाचायला द्या. कडक की मऊ, हा वाद मुळात चुकीच्या रेषेवर मांडलेला आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धती तपासल्या. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी दाखवलं, की इथे दोन वेगवेगळी मापं आहेत: माया किती आणि अपेक्षा किती. माया भरपूर, पण नियम नाहीत, असं तुमचं झालं असेल तर ते दुरुस्त करायला हवं. पण त्यासाठी माया कमी करायची गरज नसते. ज्या घरांत दोन्ही मापं वरची असतात, तिथली मुलं साधारणपणे जास्त सावरलेली आढळतात. आणि कडकपणातही फरक आहे. 'साडेआठला घरी ये' हे वागण्यावरचं नियंत्रण झालं. 'आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू असे पांग फेडतेस', किंवा दोन दिवस अबोला, हे मनावरचं नियंत्रण. पहिल्याचा मुलांना आधार वाटतो. दुसऱ्याचा संबंध नैराश्याशी आणि चिंतेशी पुन्हा पुन्हा आढळला आहे.

कुठे अडायचं आणि कुठे सोडायचं, यासाठी ज्युडिथ स्मेटाना यांची मांडणी मला फार कामाची वाटते. त्यांना दिसलं की घरोघरचे बरेचसे वाद क्षुल्लक गोष्टींवर होतात, कारण एकाच गोष्टीला आईवडील एका कप्प्यात ठेवतात आणि मुलं दुसऱ्या. खोलीतला पसारा तुमच्या लेखी घराच्या शिस्तीचा प्रश्न असतो, तिच्या लेखी तिच्या खासगी जगाचा. तर एका संध्याकाळी नवराबायको बसून वेगळं करा. जिवाची सुरक्षितता आणि दुसऱ्याला इजा होईल असं वागणं: इथे निर्णय तुमचा, कारण सांगून. घराच्या वेळा, कामांची वाटणी, अभ्यासाची पद्धत: इथे बोलणी करा आणि तिचंही काहीतरी मान्य करा. केस, कपडे, गाणी, खोलीची मांडणी, मैत्रिणींशी काय बोलायचं: इथे हात सोडा. वाद अर्ध्यावर आले नाहीत तरी तुमची शक्ती तरी योग्य जागी खर्च होईल.

हात सोडणं एकदम नको. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की अवघ्या ३७ व्या वर्षी गेले, पण जाताना एक मोलाची कल्पना देऊन गेले. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, यांच्यामधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. हे गणिताइतकंच स्वातंत्र्यालाही लागू आहे. आधी महिन्याच्या खर्चाचा हिशेब तिच्यासोबत करा, मग तिला करू देऊन शेवटी बघा, मग बघणंही सोडा.

मते बदलत राहतील, आज एक आवड आणि उद्या दुसरी, त्याने बावरू नका. मी कोण, हा एरिक एरिक्सन यांनी या वयाचा मध्यवर्ती मानलेला प्रश्न तेराव्या वर्षी नुकता उघडतो. उलट, या वयात एकदाही वाद न घालता आईवडिलांचंच सगळं स्वीकारणारं मूल पाहिलं की माझ्या मनात जरा पाल चुकचुकते. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की शोध न घेता आयती उचललेली ओळख ही एक वेगळीच अवस्था असते आणि ती शोधातून गवसलेल्या ओळखीइतकी पक्की नसते.

पण सगळंच 'वय आहे' म्हणून सोडून देऊ नये, हे मी तितक्याच कळकळीने सांगते. कुमारवय म्हणजे वादळच, ही १९०४ पासूनची, जी. स्टॅन्ली हॉल यांची कल्पना अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. बहुतेक मुलं या वयातून मोठी पडझड न होता बाहेर येतात. म्हणून खरी पडझड दिसली तर ती वयाच्या माथी मारू नका. तुमच्यापासून दूर जाऊन मैत्रिणींकडे वळणं हे वाढीचं लक्षण. मैत्रिणींपासूनही तुटणं, आवडीचं सगळं सोडून देणं, दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी किंवा चिडचिड, झोप आणि भूक बिघडणं, जेवण टाळणं किंवा वजनाचा ध्यास, शाळेला वारंवार नकार, अंगावर कापल्याच्या खुणा, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं बोलणं, यांपैकी काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शेवटच्या दोन्हींसाठी त्याच दिवशी. मरणाचा विचार येतो का, असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मुलांना बहुधा बोलायला वाट मिळते. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही. शाळा एक दिवस बुडाली, ती पुन्हा पुन्हा बुडू लागली तर मात्र वाट पाहू नका.

राहिला धाकटा. खेळताना एकट्याने मोठ्याने बोलतो, त्याला टोकू नका. आधी मूल आपल्याला वाट दाखवण्यासाठी मोठ्याने बोलतं, मग पुटपुटतं, मग तेच बोलणं आत जाऊन विचार बनतं, असं व्हिगॉट्स्की यांनी मांडलं होतं आणि पुढच्या संशोधनाने त्याला पुष्टी दिली. काम अवघड असतं तेव्हा हे बोलणं वाढतं, बघा तुम्ही. तो ताईसारखा होईल का? १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस यांनी लहान मुलांच्या स्वभावांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. काही मुलं सहज रुळणारी, काही अवघड, काही हळूहळू खुलणारी आढळली. पण ३५ टक्के कोणत्याच गटात बसली नाहीत. स्वभाव कोणता यापेक्षा घराची रीत त्या स्वभावाशी किती जुळते यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, हे त्यांनी दाखवलं. तोही एक दिवस दार लावेल. पण त्याच्या पद्धतीने, तिच्यासारखंच असं नाही.

शेवटी एक करून पाहा. रीड लार्सन आणि मॅरिस रिचर्ड्स यांनी मुलांजवळ पेजर देऊन दिवसभरात केव्हाही विचारलं, की आत्ता तू कुणाबरोबर आहेस. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत कुटुंबाबरोबरचा वेळ जागेपणाच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. पण आई किंवा वडील यांच्यापैकी एकाबरोबर एकट्याने घालवलेला वेळ फारसा घटला नाही. सगळ्या कुटुंबातून मुलं अंग काढून घेतात, एका माणसाबरोबर मात्र असायला तयार असतात. माफी मागून झाली की आठवड्यातला एक वार ठरवा. धाकट्याला बाबांकडे सोपवा आणि तिच्याबरोबर बाहेर पडा. चालत असाल किंवा गाडीत शेजारी बसला असाल तर बरं, समोरासमोर बसून बोलणं या वयात जड जातं. कुठे जायचं ते तिला ठरवू द्या. अभ्यास, फोन आणि पसारा हे तीन विषय त्या वेळात काढू नका. पहिले काही आठवडे ती काहीच बोलली नाही तरी ठरलेला वार चुकवू नका.